दोन बाण : दमा, चिंता आणि आनापानसती

अंगुत्तर निकायाच्या दशक निपातात गिरिमानंद सुत्त आहे. आयुष्मान गिरिमानंद अत्यंत व्याधिग्रस्त असल्याचे वर्तमान घेऊन आयुष्मान आनंद श्रावस्तीच्या जेतवनात भगवंतांकडे जातात आणि अनुकंपा बाळगून त्यांची भेट घ्यावी अशी विनंती करतात. भगवंत आनंदांना दहा संज्ञा सांगतात व त्या रुग्णाला ऐकविण्याची सूचना देतात. त्यांतील चौथी संज्ञा म्हणजे आदीनवसंज्ञा. तिच्यात शरीराला होणाऱ्या रोगांची दीर्घ यादी आहे. डोळ्यांचे, कानांचे, मुखाचे, दातांचे रोग मोजता मोजता त्या यादीत ‘कास’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘सास’ हे शब्द येतात. कास म्हणजे खोकला आणि सास म्हणजे श्वासरोग, ज्याला आपण दमा म्हणतो. दहावी आणि शेवटची संज्ञा आहे आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाविषयीची जागरूकता. श्वासाचा रोग आणि श्वासाची साधना, या दोहोंचा उल्लेख अशा रीतीने एकाच सुत्तात झालेला आहे.

या जवळिकीमुळेच एक गैरसमज सहज निर्माण होतो. अमरावती-अकोल्याकडील विहारांत वर्षावासाच्या काळात धम्मग्रंथाचे वाचन होते आणि त्याबरोबर ध्यानाचे वर्गही चालतात. अशा वर्गांत दमेकरी उपासक-उपासिका हटकून दोन प्रश्न विचारतात. पहिला : आनापान नियमाने केल्यास पंप सुटेल काय? दुसरा : लोक म्हणतात की दमा हा मनाचा रोग आहे, तो चिंतेने होतो, हे खरे काय? पहिल्या प्रश्नाला उत्साहाच्या भरात ‘होय’ म्हटल्यास एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. दुसऱ्याला सरसकट ‘होय’ म्हटल्यास रुग्ण आपल्याच आजाराचा आरोपी ठरतो, आणि सरसकट ‘नाही’ म्हटल्यास त्याच्या दुःखाचा अर्धा भाग दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

रोगाचे स्वरूप

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकालीन दाह आहे. या दाहामुळे नलिकांची आतील त्वचा सुजलेली व हळवी राहते. धूळ, परागकण, धूर, थंड हवा, सर्दी, श्रम किंवा अनावर हसणे-रडणे असे काही निमित्त मिळाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, चिकट कफ साचतो आणि मार्ग अरुंद होतो. श्वास आत घेताना छाती फुगते म्हणून नलिका थोड्या उघडतात; श्वास सोडताना त्या अधिक मिटतात. म्हणून दमेकऱ्याची खरी अडचण श्वास घेण्यापेक्षा सोडण्यात असते. जुनी हवा पूर्ण बाहेर पडत नाही आणि तिच्यावरच नवी हवा भरली जाते. छाती फुगलेल्या भात्यासारखी ताठरते आणि घरघर ऐकू येते.

वऱ्हाडात या निमित्तांची उणीव नाही. कपाशीच्या वेचणीनंतर जिनिंगच्या आवारात उडणारी रुई व धूळ, तूर-सोयाबीनच्या मळणीचा भुसा, चुलीचा धूर आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरील बुरशी ही त्यांतील काही. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याजवळ प्रथम नोंदले गेलेले आणि आता प्रत्येक पडीत जमिनीवर व धुऱ्यावर माजलेले गाजर गवत हे आणखी एक. सोयाबीनच्या धुळीविषयी बार्सिलोना शहराचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे १९८१ ते १९८७ या काळात काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण एकाएकी मोठ्या संख्येने रुग्णालयात येत असत. शोधाअंती असे आढळले की बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरविले जाई, त्या दिवशी धान्यकोठारातून उडणारी धूळ हेच त्याचे कारण होते. कोठारांना गाळण्या बसविल्यावर ती साथ थांबली. शहरातील माणसांची मने त्या ठरावीक दिवशीच बिघडत नव्हती. हवा बिघडत होती. कारण शोधून ते दूर करणे हाच प्रतीत्यसमुत्पादाचा व्यवहारातील अर्थ आहे.

मनाचा वाटा किती?

तथापि मनाचा यात काहीच वाटा नाही असे म्हणणेही सत्यास धरून होणार नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाने दम्याची गणना मनोदैहिक समजल्या गेलेल्या सात रोगांमध्ये केली होती. दम्याचे मूळ मातेशी असलेल्या मनोविकृत नात्यात आहे असे त्या विचारपरंपरेत मानले जाई. दाहाचे ज्ञान वाढल्यावर ही उपपत्ती मागे पडली. परंतु मनाचा श्वासनलिकांवर परिणाम होतो, ही गोष्ट प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे.

१८८६ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर जॉन मॅकेन्झी यांनी गुलाबाच्या सान्निध्यात दम्याचा त्रास होणाऱ्या एका स्त्रीपुढे कृत्रिम गुलाब धरला, तरीही तिला त्रास सुरू झाला. १९६८ साली अमेरिकेतच लुपारेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० दमेकऱ्यांना केवळ मिठाच्या पाण्याचा फवारा हुंगावयास दिला. मात्र तुम्हांला ज्याचा त्रास होतो तोच पदार्थ यात आहे, असे त्यांना सांगितले. त्यांपैकी १९ जणांच्या श्वासनलिका मोजता येईल इतक्या आवळल्या आणि १२ जणांना दम्याचा झटका आला. त्यांना तेच पाणी ‘औषध’ म्हणून दिल्यावर तो शमला. याचा अर्थ, अपेक्षा आणि भीती व्हेगस या मज्जातंतूच्या मार्गाने श्वासनलिकांपर्यंत पोहोचू शकतात.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग मन शांत केले की दमा बरा होईल. त्याने २०११ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोगही पाहावा. बोस्टन येथे दमेकऱ्यांच्या एका गटास आळीपाळीने खरा पंप, खोटा पंप, खोटे सूचिदाबन आणि कोणताही उपचार नाही, अशा चार अवस्थांतून नेण्यात आले. खरा पंप, खोटा पंप आणि खोटे सूचिदाबन या तिन्ही वेळी रुग्णांनी जवळजवळ सारखेच बरे वाटल्याचे सांगितले. परंतु यंत्राने फुप्फुसांची क्षमता मोजली असता खऱ्या औषधाने ती सुमारे २० टक्क्यांनी सुधारली होती. उरलेल्या तीन अवस्थांत सुमारे ७ टक्क्यांनीच. म्हणजे ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे असणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडे कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दिले जाणारे दम्याचे औषध घेऊन, किंवा मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादला जिवंत मासळीतून दिला जाणारा प्रसाद गिळून परतलेला माणूस जेव्हा शपथेवर सांगतो की मला गुण आला, तेव्हा तो खोटे बोलत नाही. त्याला खरोखरच बरे वाटलेले असते. केसमुत्तीच्या कालामांना भगवंतांनी केवळ परंपरेवर किंवा ऐकीव गोष्टींवर विसंबू नका असे सांगितले, ते अशाच प्रसंगांसाठी.

भीती आणि श्वास यांचे चक्र

दमा आणि चिंता एकमेकांना कशी बळ देतात, हे आता पाहू. चिंतेचे विकार सर्वसाधारण लोकांपेक्षा दमेकऱ्यांत अधिक आढळतात. ज्याला एकदा मध्यरात्री श्वास मिळेनासा झाला, त्याला पुढच्या रात्रीची धास्ती वाटणे स्वाभाविकच आहे. ही धास्ती श्वासाची गती वाढविते. गती वाढली की श्वास सोडावयास मिळणारा अवधी घटतो. अवधी घटला की आधीच अडकलेली हवा आणखी अडकते, छाती आणखी ताठरते, आणि आता आपण मरणार ही भावना प्रबळ होते. त्यातून गती आणखी वाढते. चिंतेचा दुसराही परिणाम आहे. छातीत घरघर नसतानाही भीतीने माणूस गरजेपेक्षा अधिक श्वास घेऊ लागतो. त्यामुळे रक्तातील कर्बवायूचे प्रमाण घटते. ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती धडधडते. रुग्ण यालाच दम्याचा झटका समजून पंपावर पंप ओढतो. पंपातील साल्ब्युटामॉलने हात कापतात व धडधड वाढते, आणि ती पाहून भीती अधिकच वाढते.

हे दोन त्रास ओळखण्याच्या काही खुणा आहेत. घरघर, रात्री किंवा पहाटे येणारा खोकला, धूळ-धूर-सर्दी यांचे निमित्त, पंपाने काही मिनिटांत मिळणारा आराम आणि श्वासमापक नळीवर घसरलेला आकडा या दम्याच्या खुणा होत. घरघर नसणे, बोटांना मुंग्या, वारंवार खोल उसासे, श्वास ‘पुरत नाही’ ही भावना आणि नळीवरील आकडा नेहमीएवढाच असणे या चिंतेच्या. अनेकदा दोन्ही एकत्र असतात. म्हणून नियम असा पाळावा की शंका असेल तेव्हा तो दमाच आहे असे समजून आधी त्यावर उपचार करावा. एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, किंवा घरघर एकाएकी थांबूनही धाप कायम राहणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी पंप घेत घेतच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. ती ध्यानाची वेळ नव्हे.

आणखी एक सावधगिरी. छातीतील धडधडीसाठी किंवा चिंतेसाठी प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी दिली जाते. ती दमेकऱ्याच्या श्वासनलिका घातक रीतीने आवळू शकते. झोपेच्या काही गोळ्या झटक्याच्या वेळी श्वसन मंद करतात. म्हणून चिंतेवर उपचार घेताना आपल्याला दमा आहे हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

दोन बाण

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात भगवंतांनी दोन बाणांची उपमा दिली आहे. अशिक्षित माणसाला शारीरिक वेदना झाली की तो शोक करतो, विलाप करतो. म्हणजे एक बाण लागला असता त्याला दुसराही बाण लागतो. शिक्षित श्रावकाला मात्र एकच बाण लागतो. दमेकऱ्याच्या संदर्भात पहिला बाण म्हणजे श्वासनलिकांचा दाह व आकुंचन, आणि दुसरा म्हणजे त्यावर स्वार होणारी भीती. साधनेचे क्षेत्र हे दुसऱ्या बाणाचे क्षेत्र आहे.

परंतु पहिल्या बाणाचे काय? त्यासाठी मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्ताचे स्मरण करावे. विषारी बाण लागलेल्या माणसाला त्याचे आप्तेष्ट शल्यवैद्याकडे नेतात. तो मात्र बाण मारणारा कोण, धनुष्य कोणते, हे कळेपर्यंत बाण काढू देत नाही आणि तसाच मरतो. बाण काढणे हे शल्यवैद्याचे काम आहे, हे या उपमेत गृहीतच धरलेले आहे. भिक्षूच्या चार प्रत्ययांत चीवर, पिंडपात व शयनासन यांच्याबरोबर रुग्णाचे औषध येते. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक संपूर्ण खंधक आहे. स्वतः तथागतांनी जीवकाकडून औषध घेतले. मग उपासकाने पंप घेण्यात कोणता कमीपणा आहे?

गिरिमानंदांचा व्याधी सुत्त ऐकून शमला असे सुत्ताच्या अखेरीस सांगितले आहे, याकडे कोणी लक्ष वेधील. ते खरे आहे. परंतु त्यांचा व्याधी कोणता होता हे सुत्तात सांगितलेले नाही, आणि ज्या संघाने हे सुत्त जतन केले त्याच संघाने औषधांचा खंधकही जतन केला. दोहोंपैकी एकच निवडा असे त्या परंपरेने कधी सांगितले नाही.

पूर्वकर्माचा प्रश्नही येथेच निकालात काढला पाहिजे. आजही वऱ्हाडातील खेड्यांत दमेकरी मुलीला ‘मागच्या जन्मीचे भोग’ ऐकावे लागतात, आणि सोयरीक जुळेपर्यंत तिचा पंप लपविला जातो. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात भगवंतांनी मोलिय सीवक या परिव्राजकास स्पष्ट सांगितले की सर्वच वेदना पूर्वकर्मातून उद्भवतात हे मत चुकीचे आहे. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतूंतील बदल आणि विषम आहारविहार हीदेखील वेदनांची कारणे आहेत. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते या सिद्धांताची कठोर चिकित्सा केली आहे. लपविलेला पंप ऐनवेळी हाताशी नसतो. एवढ्या एका कारणासाठी तरी ही लाज आपल्या घरांतून हद्दपार झाली पाहिजे.

आनापानसती : काय करावे, काय करू नये

आनापानसतीच्या सोळा पायऱ्यांपैकी पहिल्या दोन दमेकऱ्यासाठी विशेष महत्त्वाच्या आहेत. दीर्घ श्वास असेल तर दीर्घ आहे असे जाणावे, आखूड असेल तर आखूड आहे असे जाणावे. श्वास दीर्घ करा असे येथे म्हटलेले नाही. आखूड श्वास हा साधनेतील दोष नव्हे, तो केवळ जाणण्याचा विषय आहे. ज्याला आयुष्यभर ‘नीट श्वास घे’ असे बजावण्यात आले, त्याला ही मुभा फार मोठी आहे.

श्वास कोंडून धरण्याविषयी तर तथागतांचा स्वानुभवच बोलका आहे. बोधीपूर्वी त्यांनी मुख व नाक यांतून जाणारा-येणारा श्वास रोखून अप्राणक ध्यान केले. त्या वेळी कानांतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज निघू लागला, मस्तकात तीव्र वेदना उठल्या, शरीराचा दाह झाला. महासच्चक सुत्तात हे वर्णन आहे. या मार्गाने मुक्ती मिळत नाही हे जाणून त्यांनी तो सोडला. तेव्हा दमेकऱ्याने कुंभक, जोराचे उच्छ्वास किंवा श्वास लांबविण्याची स्पर्धा यांपासून दूरच राहावे.

प्रत्यक्षात असे करावे. बरे असताना, पंपाची नेमाची मात्रा घेतल्यानंतर, धूळ-धूर नसलेल्या जागी दहा मिनिटे बसावे. पाठ सरळ, पण ताठ नव्हे. श्वास आहे तसा पाहावा. धाप वाटू लागल्यास ओठ किंचित मुडपून श्वास सावकाश सोडावा. जोर घेण्यावर नको, सोडण्यावर असावा. श्वासाकडे लक्ष देताच काहींची भीती वाढते. त्यांनी हट्ट धरू नये. चालताना पावलांकडे लक्ष द्यावे किंवा मैत्रीभावना करावी. सतिपट्ठानात इरियापथही आहेत. अशा अभ्यासाने दमेकऱ्यांचे जीवनमान सुधारते, धास्ती कमी होते, हे आधुनिक निरीक्षणांशी जुळणारे आहे. श्वासनलिकांचा दाह मात्र त्याने ओसरत नाही. तो ओसरण्यासाठी हुंगावयाचे स्टिरॉइड औषध लागते. ‘एकदा पंप लागला की सुटत नाही’ ही समजूत निराधार आहे. चष्म्याचे व्यसन लागत नाही, तसे पंपाचेही नाही. हुंगावयाच्या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते व ती थेट छातीत जाते. गोळ्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते आणि ती सर्वांगात पसरते. केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर विसंबून राहू नये, अशी शिफारस दम्यावरील जागतिक तज्ज्ञमंडळाने २०१९ पासून केलेली आहे. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्या देशात होतात. हे अंतर योग्य औषध वेळेवर न पोहोचण्याचे आहे.

भीती एवढी वाढली असेल की घराबाहेर पडणेही नको वाटते, तर मानसोपचार घ्यावा. नापिकी, कर्ज आणि आजार एकत्र आले की वऱ्हाडातील माणूस आतल्या आत कोंडतो, हे आपण पाहिलेच आहे. शासनाची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

विहाराचे कर्तव्य

अंगुत्तर निकायात शुश्रूषेस सुलभ अशा रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत : तो पथ्य करतो, पथ्यातही मर्यादा जाणतो, औषध घेतो, आजार वाढला की घटला हे शुश्रूषा करणाऱ्यास यथार्थ सांगतो आणि वेदना सहन करतो. यांतील चौथा गुण दमेकऱ्याने विशेष जोपासावा. रात्री किती वेळा उठलो, पंप किती वेळा घेतला, हे न लपविता सांगावे.

विहारानेही काही करावे. वंदनेच्या वेळी बंद दालनात लावलेल्या अगरबत्त्यांच्या जुड्या आणि मेणबत्त्यांचा धूर हे दमेकऱ्यांसाठी निमित्त ठरते. एक मेणबत्ती, उघड्या खिडक्या आणि फुले एवढ्याने पूजेत काहीही उणे पडत नाही. झाडलोट कार्यक्रमाच्या ऐन आधी न करता बऱ्याच आधी, ओल्या फडक्याने करावी. शिबिराच्या नोंदणीत आजाराचा रकाना ठेवावा, आणि कोणाही आचार्याने वा साहाय्यकाने औषध थांबविण्याचा सल्ला देऊ नये. अकोल्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त भरणाऱ्या मेळाव्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी जाताना दमेकऱ्याने पंप पिशवीत नव्हे, खिशात ठेवावा. आणि तो कोठे आहे, हे सोबतच्याला सांगून ठेवावे.

दुर्लक्षित पडलेल्या रुग्ण भिक्षूला तथागतांनी आनंदांसह स्वतः स्नान घातले, आणि ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी, या आशयाचा उपदेश संघाला केला. मध्यरात्री धाप लागलेल्या माणसाजवळ जो बसतो, त्याचा पंप त्याच्या हाती देतो, स्वतः न घाबरता त्याला सावकाश श्वास सोडावयास सांगतो आणि गरज पडल्यास वाहन आणतो, तो दोन्ही बाण काढण्यास हात लावीत असतो.